शॅलटच्या वाफ्यात सेंद्रिय खत: कधी, कोणतं आणि किती

प्रश्न असा आहे की शॅलट (घोसाने येणारे छोटे कांदे) लावायचेत, जमीन भारी आहे, शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, लाकडाची राख आणि जिप्सम एवढं सगळं आणून ठेवलंय, तर लावताना प्रत्येकी किती टाकू? आणि सोबत तक्रार अशी की मागच्या हंगामात लावायच्या दिवशीच शेणखत भरभरून टाकलं होतं, पात जोरदार आली, हिरवीगार, पण कंद बारीकच राहिले आणि काढल्यावर दीड महिन्यात मऊ पडून सडायला लागले.

तुमच्या तक्रारीतच उत्तर आहे बघा. खत कमी पडलेलं नाही, ते उशिरा लागू झालंय. शॅलटला सेंद्रिय खत देताना बहुतेक जण किती किलो यातच अडकतात, पण या पिकात खरा खेळ वेळेचा आहे, म्हणून आधी तेवढं समजून घ्या मग आकड्यांकडे येऊ.

शॅलट हा घोसाने येणारा कांदा. एक कंद लावला की तो बुडाशी फुटतो आणि जातीप्रमाणे चार-पाच ते दहा कंदांचा घोस तयार होतो. आता झाड पानं किती दिवस काढत राहणार हे तुमच्या खतावर नसतं, दिवसाची लांबी आणि तापमान एका टप्प्याला आलं की ते नवीन पानं काढणं आवरतं घेतं आणि कंद भरायला घेतं. तोपर्यंत जेवढी पानं झाली असतील तेवढ्यांनीच कंद पोसायचा असतो. म्हणजे नत्राची (नायट्रोजनची) गरज जवळजवळ सगळी पहिल्या अर्ध्या काळात आहे. आणि आपलं सेंद्रिय खत काय करतं, तर ते मातीतल्या जिवाणूंनी कुजवून दिल्याशिवाय झाडाला मिळतच नाही, माती गार असेल, समजा १० अंशांच्या खाली, तर ते काम अगदी रेंगाळत चालतं, आणि जसजशी माती तापते तसतसा नत्र सुटायला लागतो. लावायच्या दिवशी टाकलेलं अर्धवट कुजलेलं शेणखत नेमकं कंद भरायच्या वेळी जोरात येतं. मग झाड पुन्हा पातीवर जातं, माना (कंदाच्या लगेच वरचा पातीचा भाग) जाड होतात, माना पडायला उशीर होतो, आणि जाड ओल्या मानेतून बुरशी आत शिरते. साठवणीत सड होते ती बऱ्याचदा अशी शेतातूनच येते, त्यात साठवायच्या जागेला दोष देऊन उपयोग नाही.

काढणीच्या वेळी एक करून बघा, मान दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबा. कागदासारखी चपटी लागली, आत काही सरकलं नाही तर तो कंद टिकणार. बोटांत गुबगुबीत लागली, दाबल्यावर ओलसर वाटली तर तो आधी वापरायला वेगळा काढा, कितीही वाळवला तरी तो महिनोन्महिने राहणाऱ्यातला नाही.

दुसरी गोष्ट मुळांची. वाढीतलं एखादं झाड हलकेच उपटून पाण्यात धुवून बघा. पांढरी, दोऱ्यासारखी सरळ मुळं दिसतील, त्यांना फाटे कमी आणि बारीक केसमुळं जवळपास नाहीतच. ही मुळं बहुतेक करून वरच्या २०-३० सेंटीमीटरमध्येच फिरतात, लांब जाऊन अन्न शोधायची त्यांची कुवत नाही. म्हणून खत खोल गाडलं तर ते शॅलटच्या कामाचं राहत नाही, वरच्या १५ सेंटीमीटरमध्येच मिसळायचं. आणि केसमुळं नसल्यामुळे हे पीक मायकोरायझा बुरशीवर खूप अवलंबून असतं, ती बुरशी मुळांना जोडून घेते आणि लांबचं स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. एक, मातीत स्फुरद आधीच भरपूर असेल तर ही जोडणीच नीट होत नाही, म्हणजे दरवर्षी सवयीने हाडांचा चुरा आणि कोंबडीखत टाकणं हे उलट अंगावर येऊ शकतं. दोन, कोबी, मोहरी, मुळा या वर्गातली पिकं मायकोरायझाला धरतच नाहीत, त्यामुळे शॅलटच्या आधी मोहरीचं हिरवळीचं खत घेतलंत किंवा जमीन लांबलचक मोकळी ठेवलीत तर बुरशीची संख्या पडलेली असते. त्यापेक्षा आधी एखादं कडधान्य किंवा मका असलेला बरा.

आणि हीच माझ्या मते सगळ्यात चांगली पद्धत, की भरपूर खत आधीच्या पिकाला द्यायचं, जे खादाड आहे त्याला, मका म्हणा भोपळा म्हणा, आणि शॅलट त्याच्या मागोमाग त्याच जागेवर लावायचे. तोपर्यंत खत मुरलेलं असतं, माती भुसभुशीत झालेली असते, शॅलटला वरून थोडंच द्यावं लागतं. हे जमत नसेल, म्हणजे तुमच्यासारखं याच हंगामात सगळं करायचं असेल, तर पूर्ण कुजलेलं खत, लावायच्या आधी निदान तीन-चार आठवडे, हलकी ओल ठेवून.

पूर्ण कुजलेलं म्हणजे काय यावर लोक फार गाफील असतात. विकणारा कुजलंय म्हणतो म्हणून कुजलेलं नसतं. मूठभर ओलसर खत झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि तीन दिवस सावलीत ठेवा, पिशवी फुगली किंवा उघडल्यावर अमोनियाचा, आंबूस घाण वास आला तर खत अजून शिजतंय. मातीसारखा वास आला तर पुढची परीक्षा, एका कुंडीत हे खत निम्म्याला निम्मं माती मिसळून आणि दुसऱ्या कुंडीत नुसती माती घेऊन दोन्हीत मुळ्याचं बी टाका. आठवड्याभरात कळतं. खतातली रोपं कमी उगवली, टोकं करपली तर एकतर ते कच्चं आहे नाहीतर त्यात क्षार जास्त आहेत. शेणखत किंवा गवताचं खत बाहेरून आणलेलं असेल तर मुळ्यासोबत घेवड्याच्या चार बिया पण टाका, कारण काही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटातून शेणात येतात आणि कंपोस्टमध्येही लवकर मोडत नाहीत. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड ही त्यातली. घेवड्याची पानं वाटीसारखी वळली, शेंडे आखडले तर ते खत बाजूला ठेवा. शॅलटवर कदाचित काही दिसणारही नाही, पण पुढच्या वर्षी त्या वाफ्यात टोमॅटो किंवा बीन्स लावाल तेव्हा कपाळाला हात लावायची वेळ येईल.

कच्च्या शेणखताचा अजून एक त्रास म्हणजे माशी. कांदामाशी आणि तिच्या जातभाई असलेल्या माश्यांना कुजत असलेल्या पदार्थाचा वास खेचून आणतो, त्या मातीत अंडी घालतात आणि अळ्या कोवळ्या बुडात शिरतात. नुकतंच गाडलेलं हिरवळीचं खत, ताजं शेण, अगदी ओल्या मातीत आदल्या दिवशी टाकलेली पेंडसुद्धा तेच काम करते. म्हणून हिरवळीचं पीक गाडलं की दोन-तीन आठवडे थांबायचं, पेंडही आधीच मिसळायची. हुमणीची अंडी-अळ्या आणि तणाचं बी हे कच्च्या खतासोबत फुकट येतं ते वेगळंच. शिवाय हे जमिनीला टेकलेलं पीक आहे, खाण्याचा भाग थेट मातीत असतो, अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमांत अशा पिकाला कच्चं शेणखत टाकल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जावे लागतात. शॅलट बऱ्याच ठिकाणी त्याच्या आत तयार होतात, म्हणजे चालू हंगामात कच्चं खत बसतच नाही.

आता आकडे. तयार कंपोस्ट किंवा मुरलेलं शेणखत अडीच सेंटीमीटरचा थर, एवढा बास. हे म्हणजे एका चौरस मीटरला २५ लिटर. वजन करायची गरज नाही, बादलीने मोजा. हिशोब असा की २५ लिटर कंपोस्टमध्ये ओल वगळून साधारण ७ किलो माल धरा, त्यात सव्वा टक्का नत्र धरला तर ८५-९० ग्रॅम होतो. ऐकायला खूप वाटतं पण चांगल्या मुरलेल्या कंपोस्टमधला जेमतेम दहाएक टक्के नत्र पहिल्या हंगामात सुटतो, म्हणजे ८-९ ग्रॅम, आणि शॅलटला एका चौरस मीटरला अंदाजे ८ ते १० ग्रॅमच पुरे होतो. उरलेला कुठे जात नाही, तो पुढची काही वर्षं थोडा थोडा सुटत राहतो. म्हणूनच ज्यांच्या वाफ्यात चार-पाच वर्षं सलग कंपोस्ट पडतंय त्यांनी एक सेंटीमीटरच टाकावा, तिथे कंपोस्टनेच माना जाड होतात आणि लोक म्हणतात मी तर केमिकल काहीच टाकलं नाही मग असं का. नत्र तो नत्रच, कुठून आला ते झाडाला कळत नाही.

निंबोळी पेंड चांगली वस्तू आहे, साधारण ४-५ टक्के नत्र, कंपोस्टपेक्षा बरीच लवकर लागू होते, आणि सूत्रकृमींवर (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींवर) थोडाफार वचक राहतो. तुमच्या मातीत आधी फार खत पडलेलं नसेल तर चौरस मीटरला ५० ते १०० ग्रॅम, दोन-तीन आठवडे आधी, वरच्या मातीत. कंपोस्टचा पूर्ण थर देणार असाल तर ५० वर थांबा. एरंडी पेंड वापरणारे असतात, ती पण चालते पण कुत्रं-जनावर तोंड घालेल अशा ठिकाणी नको, तिच्यातलं रिसिन जीवघेणं विष आहे.

गांडूळखत मला शॅलटच्या बाबतीत पूर्ण वाफ्यात पसरायला आवडत नाही, महाग पडतं आणि तेवढी गरजही नसते. लावायच्या रेघेत मूठ-मूठ मातीत मिसळून टाकलं की मुळांच्या तोंडाशी राहतं, तेवढंच. पण इथे क्षारांचं भान ठेवा. कांदावर्ग खारेपणाला फार नाजूक, मातीची क्षारता १.२ डेसीसायमन प्रति मीटरच्या (माती परीक्षणात क्षार ज्यात मोजतात ते एकक) वर गेली की उत्पन्न पडायला लागतं आणि पुढे प्रत्येक एककाला सोळाएक टक्क्यांनी पडत जातं. बीट किंवा बार्ली जिथे मजेत वाढतील तिथे शॅलट टोकाकडून पिवळे पडतात. कोंबडीखत, काही गांडूळखतं, मशरूमचं वापरलेलं कंपोस्ट, न धुतलेलं कोकोपीट या सगळ्यांत क्षार चांगलेच असू शकतात. कोंबडीखत वापरायचंच तर कंपोस्ट केलेलं आणि चौरस मीटरला २००-३०० ग्रॅमच्या वर नाही, आणि मग पेंड टाकायची नाही, दोन्हीपैकी एकच.

हाडांचा चुरा तुम्ही आणलाय खरा, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल की अल्कधर्मी ते) तपासलाय का? हाडांचा चुरा आणि रॉक फॉस्फेट आम्ल मातीतच विरघळतात. सामू ७ च्या वर असेल तर हाडांचा चुरा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, झाडाला काही मिळत नाही. सामू साडेसहाच्या खाली असेल आणि माती परीक्षणात स्फुरद खरंच कमी दिसत असेल तरच ५० ग्रॅमच्या आसपास टाका, नाहीतर डबा बंद करून ठेवा. शॅलटला सामू ६ ते ७ च्या मध्ये छान, साडेपाचच्या खाली गेला की पीक रडतं.

राखेचं उलट आहे. राखेत पालाश (पोटॅशियम) असतो, कंद भरायला चांगला, पण सोबत चुनाही भरपूर असतो, सामू वर ढकलते. आम्ल जमीन असेल तर चौरस मीटरला एक-दोन मुठी, वर्षातून एकदा, लावायच्या बरंच आधी. सामू ७ च्या वर असेल तर राख अजिबात नको. आणि राख कधीही ताज्या शेणात किंवा कोंबडीखतात मिसळून ठेवू नका, अमोनिया उडून जातो, वास येतो तो तुमचा नत्रच चाललेला असतो. कोळसा भट्टीतली, रंगवलेल्या लाकडाची राख तर विसराच.

जिप्समबद्दल एक मोठा गैरसमज आहे की ते कुठलीही भारी जमीन मोकळी करतं. तसं नाही. ज्या जमिनीत सोडियम जास्त आहे, म्हणजे चोपण, तिथेच ते काम करतं, तिथे कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि मग ते पाण्याबरोबर खाली धुवून न्यावं लागतं. साध्या काळ्या चिकट जमिनीत जिप्समने पोत बदलत नाही. पण शॅलटमध्ये मी ते थोडं टाकतोच, कारण गंधक. कांद्याचा तिखटपणा, तो वास, सगळी गंधकाची संयुगं, आणि हलक्या, सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या जमिनीत गंधक कमी पडतो. चौरस मीटरला ३० ग्रॅम जिप्सम म्हणजे साधारण ५ ग्रॅम गंधक, पुरे. सामू हलत नाही हा त्याचा फायदा. सामू खाली आणायचा असेल तर मूलद्रव्य गंधक लागतो, पण तो जिवाणूंनी आम्ल करून द्यावा लागतो, त्याला उबदार ओली माती आणि महिने लागतात, लावायच्या आठवड्यात टाकून काही होत नाही. चुन्याचंही तसंच, दोन-तीन महिने आधी.

मग भारी जमिनीचं काय? वाळू टाकू नका, हे आधी सांगतो. चिकट मातीत थोडी वाळू मिसळली की सुकल्यावर विटेसारखी होते, फरक पडायला वाळू इतकी लागते की ती माती उरतच नाही. कंपोस्ट पोत सुधारतं पण हळूहळू, आणि पाण्याचा निचरा कंपोस्टने होत नाही, त्याला उतार आणि उंची लागते. १५-२० सेंटीमीटर उंच गादीवाफा करा, अडीच सेंटीमीटर कंपोस्ट वरच्या मातीत वाफसा (ना फार ओली ना कोरडी) असताना मिसळा, ओल्यात कुदळ घालू नका नाहीतर ढेकळं होतात ती हंगामभर फुटत नाहीत. ओल्या घट्ट मातीत कंदाची बुडखी सडते, तिथे फ्युजेरियम बुरशीची बुडकूज लागते आणि मग कुठलंही खत कामाला येत नाही. लावताना कंद असा बसवा की टोक मातीच्या जेमतेम बरोबरीला राहील, भारी जमिनीत तर थोडं वर दिसलं तरी चालेल, दोन कंदांत १५ सेंटीमीटर आणि ओळींत २०-२५.

लाकडाचा भुसा, ताजं गव्हाचं काड, सुकी पानं हे मातीत मिसळायचं नाही. काडात कार्बन नत्राच्या ऐंशी पट, भुशात तीनशे पटीच्याही वर जातो, आणि पंचवीस-तीसच्या वर गेलं की जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात, शॅलट पिवळे पडतात. हेच काड वर आच्छादन म्हणून पसरलं तर फारसा त्रास नाही कारण ओढाताण फक्त टेकलेल्या पृष्ठभागावर होते. रोपं वीतभर झाली की दोन-तीन सेंटीमीटर पसरा, तणाला आळा बसतो, आणि शॅलट तणाशी अजिबात भांडू शकत नाहीत, पात बारीक असल्याने सावली पडत नाही. फक्त काड मानेला चिकटू देऊ नका, आणि कंद फुगून वर दिसायला लागले की ते बाजूला सारा, उन्हाने आणि वाऱ्याने वरची साल वाळली पाहिजे.

बायोचार (कमी हवेत जाळून केलेला काडीकचऱ्याचा कोळसा) कोणी सुचवलं तर त्यात एवढंच बघा की नुसतं कोरडं टाकलं तर ते स्वतःच सुरुवातीला नत्र धरून ठेवतं, आणि बरेचसे बायोचार अल्कधर्मी असतात. महिनाभर कंपोस्टमध्ये मुरवून मगच. अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा, केळीची सालं हे सगळं कंपोस्टच्या ढिगात जाऊ दे, थेट वाफ्यात त्याचा काही उपयोग नाही, टरफलं तर भुकटी केल्याशिवाय वर्षानुवर्षं तशीच दिसतात.

लावल्यानंतर वरून द्यायचं म्हटलं तर पातळ खतच द्या, पाण्यात पातळ केलेलं मुरलेल्या शेणाचं पाणी किंवा फिश इमल्शन (मासळीपासून केलेलं पातळ खत), फुटवे दिसल्यापासून चार-पाच पानं होईपर्यंत दोन-तीन वेळा, दहा-बारा दिवसांच्या अंतराने, आणि तेही पात फिकट दिसत असेल तरच. एकदा का बुडाशी माती बाजूला करून बघितल्यावर फुगवटा दिसला की नत्राचं सगळं बंद. त्यानंतर पात पिवळी व्हायला लागली म्हणून घाबरून स्लरी ओतणारे खूप आहेत, तिथेच टिकाऊपणा जातो. शेवटचे दोन आठवडे पाणीही तोडा.

तर तुमच्या ढिगातून आत्ता मी काय वापरीन: कंपोस्टचा अडीच सेंटीमीटर थर, निंबोळी पेंड ५० ग्रॅम, जिप्सम ३० ग्रॅम, तीन-चार आठवडे आधी, आणि लावताना रेघेत मूठभर गांडूळखत. तुमचं शेणखत मात्र पिशवीच्या परीक्षेत पास झालं तरच कंपोस्टच्या जागी, नाहीतर त्याचा ढीग लावून ओलं ठेवून दोन-तीन वेळा वरखाली करा, आत ५५ अंशांपर्यंत तापलं पाहिजे, आणि पुढच्या हंगामात वापरा. हाडांचा चुरा आणि राख मातीचा रिपोर्ट आल्याशिवाय हात लावू नका. आणि मागच्या वर्षीचे सडलेले कंद कुठे टाकलेत ते आठवा, त्याच कंपोस्टच्या ढिगात असतील तर तो ढीग शॅलटच्या वाफ्यापासून लांब, दुसऱ्या पिकाला वापरा. बुडाशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे दिसले होते का? तसं असेल तर ती पांढरी सड, ते दाणे मातीत वीस वर्षंसुद्धा जिवंत राहतात, मग तो ढीग कुठेच वापरायचा नाही आणि त्या वाफ्यात कांदा, लसूण, शॅलट काहीच लावायचं नाही, खत कितीही चांगलं असलं तरी, जागाच बदलावी लागेल.